बिल्ला कुठे होता?

एक पांढरी चकती असते, कोटाच्या बटणाएवढी. महिनोन्‌महिने ती कुणाच्या तरी छातीवर गप्प बसलेली असते. मग ती यंत्रात घालून तापवायची. तापली की ती उजेड देते. डोळ्यांना दिसणार नाही इतका थोडा, पण यंत्राला दिसतो, आणि चकतीवर जितकी किरणं पडली असतील तितका तो उजेड जास्त. मुंबईला प्रशिक्षणात हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यंत्रातून कागदावर एक रेघ निघत होती. ती चढत चढत डोंगरासारखी झाली आणि पुन्हा खाली उतरली. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "ही या माणसाची तीन महिन्यांची कमाई." मी खुर्चीतून उठून यंत्रापाशीच जाऊन उभी राहिले. वर्गातले बाकीचे चहा कधी येतो ते बघत होते. मला चहा आल्याचं कळलंही नाही.

यात एवढं हुरळून जाण्यासारखं काय, असं माझ्या नवऱ्यानेही विचारलं होतं. तो बँकेत. त्याची बदली सुरतेला झाली म्हणून मी एम.एस्सी. फिजिक्सचं प्रमाणपत्र घेऊन सुरतेत आले, आणि भरतकामाच्या क्लासला जायचं नाही म्हणून नोकरी शोधली. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. हजिरा रस्त्यावर मोठमोठे प्लांट उभे राहत होते, आणि इच्छापोरला कांतिभाईंची एक छोटी कंपनी होती, ती या प्लांटमधले वेल्डिंगचे जोड तपासायची. जोड वरून चकाचक दिसला तरी आत पोकळी असू शकते. माणसाच्या हाडाचा एक्स-रे काढतात तसा आम्ही लोखंडाचा काढायचो. त्यासाठी इरिडियम नावाच्या धातूचा एक किरणोत्सर्गी तुकडा लागतो. तो शिवणयंत्राएवढ्या एका जड पेटीत बंद असतो. त्या पेटीला सगळे कॅमेरा म्हणतात. लांबून केबल फिरवली की तुकडा पेटीच्या बाहेर जातो, फोटो निघतो, केबल उलटी फिरवली की तुकडा घरात परत. तो तुकडा बाहेर असताना जवळ जायचं नाही, आणि आत असतानाही पेटीला कवटाळून बसायचं नाही, कारण जाड कवचातूनही थोडी किरणं झिरपतच असतात. हे सगळ्यांकडून पाळून घेणं हे माझं काम. हुद्दा मोठा होता, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. कांतिभाई मला बेन म्हणायचे आणि कामावरची खानदेशी मंडळी ताई. हुद्द्याने मला कुणीच हाक मारली नाही.

या मंडळींनी छातीवर लावायचा तो टीएलडी बॅज. कामगार त्याला बिल्ला म्हणत. प्लॅस्टिकची छोटी डबी, मागे चिमटा. आत ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर तीन चकत्या. एकीवर धातूचं झाकण, एकीवर प्लॅस्टिकचं आणि एक उघडी. तिन्ही चकत्यांनी किती किती खाल्लं याची तुलना केली की किरणं कोणत्या जातीची होती तेही कळतं. मी नव्या मुलांना हे समजावून सांगताना इतकी रंगून जायची की एकदा एकाने मध्येच विचारलं, "ताई, हे तुम्हीच शोधलंय का?"

त्याआधी आमच्याकडे फिल्मचा बॅज असायचा. सुरतेत ज्याने एक जरी पावसाळा काढलाय त्याला मी काय सांगायचं? कपाटातल्या चपलांना बुरशी यायची तिथे फिल्मची काय कथा. दमट हवेने फिल्म काळवंडायची आणि मग तो काळेपणा किरणांचा की पावसाचा यावर पत्रापत्री चालायची. टीएलडीला हवेचं काही सोयरसुतक नाही. चकती धुऊनपुसून, तापवून पुन्हा कोरी करायची आणि पुन्हा वापरायची. आमच्यातल्या एकाच्या बायकोने बिल्ल्यासकट शर्ट भिजवला, धोपटला आणि वाळत घातला. आतल्या कागदाचा लगदा झाला, नाव धुऊन गेलं, पण चकत्या शाबूत. तो बिचारा चोरासारखा तोंड करून माझ्यापुढे उभा होता आणि मी आनंदाने सगळ्यांना दाखवत सुटले होते की बघा, याला म्हणतात माल.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने भेटायची. एका कारखान्याचे साहेब स्वतःचा बिल्ला टेबलाच्या खणात ठेवायचे आणि दर वेळी शून्य आलं की मला फोन करून सांगायचे, "बघा, मी किती काळजी घेतो." एका ठेकेदाराला त्याच्या वॉचमनसाठी एक बिल्ला हवा होता, कारण तो लावलेल्या माणसाला मोठ्या प्लांटच्या फाटकावर कुणी अडवत नाही असं त्याच्या लक्षात आलं होतं. आणि निम्म्या लोकांना वाटायचं की बिल्ला लावला म्हणजे किरणं लागत नाहीत. त्यांना मी सांगायची की अरे, ताप मोजल्याने ताप उतरतो का? ते मान डोलवायचे आणि जाताना बिल्ल्याला हात लावून नमस्कार करायचे.

आता या गुणी बिल्ल्याचे दोष. प्रशिक्षणात मी तेही वहीत लिहून घेतले होते, पण ज्याच्या प्रेमात पडावं त्याचे दोष आपण जसे लिहून घेतो तसेच. पहिला, तो तिथल्या तिथे काही सांगत नाही. तीन महिने लावा, मुंबईला पाठवा, मग कळणार. लगेच आकडा दाखवणारं पेनसारखं एक यंत्र आमच्याकडे होतं, ते पाईपवरून पडून मुकं झालं होतं. दुसरा दोष, चकती एकदा तापवली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं. शंका आली म्हणून पुन्हा बघू म्हणाल तर बघायला काही उरत नाही. फिल्म निदान जपून तरी ठेवता यायची. आणि तिसरा दोष सगळ्यात अवघड. फिल्मवर झाकणांच्या सावल्या उमटायच्या. सावलीची कड रेखीव असली तर बॅज एका जागी पडून राहिलेला, धूसर असली तर हलत्याचालत्या माणसाच्या अंगावर. चकतीला असं काही सांगता येत नाही. किती, एवढंच तिला माहीत. कधी, कुठे, कुणाच्या अंगावर, यातलं काहीच नाही.

हा तिसरा दोष माझ्या वहीतून उठून आधारच्या आयुष्यात जाऊन बसला.

आधार पाटील आमचा सगळ्यात जुना रेडिओग्राफर. जुना म्हणजे वय तिशीच्या आतलंच. अमळनेरकडचा, राहायला कोसाडच्या वसाहतीत. कामाला चोख आणि बोलायला कमी. बिल्ल्याच्या बाबतीत त्याच्यासारखा दुसरा नव्हता. इतरांना आठवण करावी लागायची, त्याचा बिल्ला मात्र खिशाच्या बरोबर वर, सरळ रेषेत, पुसलेला. त्याचं लग्न जमलं होतं. मुलगी सुरतेतच वाढलेली, संगीता. तिचे वडील सुपडूअण्णा पांडेसराच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या कामाला होते. दिवाळीत गावाकडे सुपारी फुटली आणि लग्न उन्हाळ्यात धरलं. आधार पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला त्याच्या वाढलेल्या बोलण्यावरून चिडवलं होतं, कारण त्या दिवशी तो चक्क तीन-चार वाक्यं सलग बोलला होता.

हिवाळा संपता संपता मुंबईहून फोन आला. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या खेपेत आमच्या एका बिल्ल्यावर फार जास्त डोस निघाला होता. एवढा, की वर्षभराची मर्यादा मागे टाकून तो कितीतरी पुढे गेला होता. नाव आधार पाटील.

मला आधी वाटलं, चकतीवर तेलबिल लागलं असेल. घाण लागलेली चकती तापवली तर खोटा उजेड देते, हे मला माहीत होतं. मी तसं विचारलंही. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिन्ही चकत्या एकमेकींशी जुळतात. डोंगराचा आकार स्वच्छ आहे. ही इरिडियमचीच किरणं आहेत." त्यांनी सांगितलं की चौकशी पुरी होईपर्यंत त्याला किरणांच्या कामापासून दूर ठेवा आणि त्याचं रक्त तपासायला पाठवा. रक्तातल्या पेशी वाढवून त्यांच्यातली गुणसूत्रं तुटली आहेत का ते बघतात. त्याला वेळ लागतो.

आधारला बोलावलं. कांतिभाई होते, मी होते. एकच प्रश्न आम्ही आलटून पालटून विचारला. कामावर असताना बिल्ला कुठे होता? कधी काढून ठेवलास? कॅमेऱ्याजवळ विसरलास का? तुकडा कधी बाहेर अडकला होता का, आणि घाबरून सांगितलं नाहीस का?

"ताई, छातीलाच होता," तो म्हणाला. "कामावर मी कधी बिल्ला काढला नाही. आईची आण."

त्याच्याबरोबर सदा असणाऱ्या मदतनिसाचा बिल्ला अगदी नेहमीसारखा होता. म्हणजे हा एकटाच कधीतरी तुकड्याजवळ गेला असणार. कांतिभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, ए कंईक छुपावे छे." काहीतरी लपवतोय. मी म्हटलं, आधार लपवणारा नाही. पण म्हणताना माझाच आवाज पडला होता, कारण बिल्ला खोटं बोलत नाही हे मीच या सगळ्यांना वर्षानुवर्षं घोकवलं होतं. आता बिल्ला खरा तर आधार खोटा. मला दोघेही खरे हवे होते, आणि दोन रात्री मला नीट झोप आली नाही.

आधारला साईटवरून काढून फिल्म धुण्याच्या खोलीत बसवलं. त्यामागचं कारण कोसाडला पोचायला वेळ लागला नाही, आणि कोसाडहून पांडेसराला पोचायला त्याहून कमी. तिथे पोचेपर्यंत त्याचं रूपही बदललं होतं. आधारच्या अंगात किरणं भरलीत, त्याच्याजवळ बसलं तरी बाधतात, त्याला मूलबाळ होणार नाही. फिल्मच्या खोलीत त्याच्या पाण्याच्या ग्लासावर कुणीतरी चिकटपट्टी लावून खूण करून ठेवली. ती मी फाडून टाकली आणि सगळ्यांसमोर त्याच ग्लासातून पाणी प्यायले. आधार म्हणाला, "राहू द्या ताई." त्याचं ते 'राहू द्या' मला फार लागलं.

आणि मग एका दुपारी सुपडूअण्णा आले. पांढरा सदरा, टोपी, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळट, डाइंगच्या माणसाचे असतात तसे. खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा मागवला, तो त्यांनी तसाच ठेवला.

"ताई, तुम्ही शिकेल बाई," ते म्हणाले. "मनी एकच आंडेर शे. लोकं काय काय सांगतात. तुम्ही सांगा. देऊ का नको?"

एकुलत्या एक मुलीचा बाप समोर बसलाय, आणि माझ्याकडे होय-नाही नाही. मी त्यांना सांगितलं की किरणं अंगात भरून राहत नाहीत, आधारजवळ बसल्याने कुणाला काही होत नाही, तो आज धडधाकट आहे. पण त्याच्या अंगावर खरंच किती पडली ते रक्ताचा निकाल येईपर्यंत मी छातीठोक सांगू शकत नाही. ते ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तो खोटं बोलला का नाही, तेबी तुम्हाले माहीत नाही."

"नाही."

"मी त्याले खोटं बोलताना देखेल नाही," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "सुपारीच्या दिवशी चार पाव्हणे बसेल होते. म्हटलं, यास्नाले जरा जवाईचा अणुशक्तीचा बिल्ला दाखवू. मी विचारलं, बिल्ला कोठे शे? दुसरा असता तर म्हणला असता, घरी राहिला, हरवला. हा सरळ म्हणे, तो पूजामा ठेवेल शे. माझा जरा पचकाच झाला. पण खरं बोलला ना."

मी चहाचा कप खाली ठेवला तो बशीबाहेरच. "कोणत्या पूजेत?"

"दिवाळीची. तुमच्या कंपनीतली."

दिवाळीत मी नाशिकला माहेरी होते. कंपनीतली पूजा मी कधी पाहिलीच नव्हती. गुजराती दुकानांत चोपड्यांची पूजा होते हे ठाऊक होतं. कांतिभाईंकडे चोपड्यांबरोबर अवजारांचीही करत, आणि दिवाळीच्या पूजेत मांडलेल्या वस्तूला लाभपाचमेपर्यंत, म्हणजे मुहूर्त करून धंदा पुन्हा उघडेपर्यंत, कुणी हात लावायचा नाही असा त्यांचा दंडक. मी सुपडूअण्णांना बसा म्हटलं, फिल्मच्या खोलीचं दार ठोठावून आधारला बाहेर काढलं आणि कांतिभाईंच्या केबिनमध्ये ओढत नेलं म्हणा ना.

"पूजेत बिल्ला कुठे होता?"

"कॅमेऱ्याच्या माळेत," आधार म्हणाला. त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "कॅमेऱ्याला झेंडूची माळ घातली ना आपण, तिच्यात खोचला. बाकीच्यांचे बिल्ले ताटात होते. मी सगळ्यात जुना, म्हणून माझा कॅमेऱ्यावर ठेवला, मानाचा."

"आणि मग?"

"मग कॅमेरा खड्ड्यात ठेवला. तुमचाच नियम आहे ना ताई, सुट्टीत कॅमेरा कुलपाच्या खड्ड्यातच पाहिजे. माळ काढली नाही. मी गावाले निघून गेलो."

"आ तो पूजा छे, बेन," कांतिभाई म्हणाले. "एमां शुं वांधो? लाभपाचम सुधी कोई हाथ नहीं लगाडे."

यात काय हरकत. हरकत एवढीच की दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत, दिवसरात्र, आधारचा बिल्ला कॅमेऱ्याला चिकटून बसला होता आणि झिरपणारी सगळी किरणं पीत होता. त्या वेळी आधार अमळनेरजवळच्या गावी सुपारी फोडत होता. लाभपाचमेला निर्माल्य काढलं, बिल्ल्यावरचं कुंकू पुसलं, आणि बिल्ला पुन्हा छातीवर, खिशाच्या बरोबर वर, सरळ रेषेत. "अरे, मग सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. तो म्हणाला, "तुम्ही कामावर बिल्ला कुठे होता ते विचारलं. कामावर तर छातीलाच होता." आमच्यापैकी एकालाही काम बंद असतानाचं विचारायचं सुचलं नव्हतं.

मी किरणं मोजायचा सर्व्हे मीटर उचलला. त्या क्षणी मला जे झालं होतं त्याला आनंद म्हणावं की ताप, मला ठरवता येत नाही. खड्ड्याचं कुलूप काढायला लावलं, सगळ्यांना मागे उभं केलं. सुपडूअण्णाही चहा सोडून येऊन लांब उभे राहिले होते. आधारने बोट दाखवून सांगितलं, माळेची गाठ इथे होती, बिल्ला इथे. हात लांब करून मीटरचं तोंड त्या जागी धरलं, काटा पाहिला, झाकण बंद. इरिडियम अडीचेक महिन्यांत निम्मं होतं, त्यामुळे दिवाळीत ते आजच्यापेक्षा बरंच जोरात होतं. नशिबाने तुकडा अजून तोच होता, बदललेला नव्हता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे उभ्या उभ्या गुणाकार मांडला. आजचा काटा, दिवाळीतला जोर, मधले दिवस. उत्तर आलं ते मुंबईच्या आकड्याच्या इतकं जवळ की फरक उन्नीस-बीसचा. मी तो गुणाकार दुसऱ्यांदा केला. दुसऱ्यांदाही तेच आलं. मी कांतिभाईंच्या टेबलावर जोरात थाप मारली आणि त्यांचा पानाचा डबा खाली पडला.

बिल्ला खरा होता. आधारही खरा होता. एवढे दिवस दोघांनी आपापल्या परीने मला खरंच सांगितलं होतं, आणि मी मात्र त्यांची भांडणं लावून बसले होते.

आधारला मी ते समजावून सांगितलं. त्याने बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ धूत राहिला. आम्ही तिकडे बघितलं नाही.

सगळं मुंबईला कळवलं. त्यांनीही आपली खात्री करून घेतली, कारण डोस लपवण्यासाठी बिल्ल्याच्या नावाने लोक वाटेल त्या गोष्टी रचतात आणि माझी गोष्ट ऐकायला त्यातलीच वाटत होती. फोनवर त्या शांत गृहस्थांनी दोनदा विचारलं, "झेंडूची माळ?" पुढे रक्ताचा निकाल आला. गुणसूत्रं ठीकठाक, एवढ्या मोठ्या डोसची काही खूण नाही. डोस बिल्ल्याला लागला, माणसाला नाही, असं त्यांनी मान्य केलं आणि आधार पुन्हा साईटवर गेला. कांतिभाईंनी त्याला पेढा भरवला. मी पूजेचा नवा नियम काढला, कॅमेऱ्याला माळ घाला, कुंकू लावा, नारळ फोडा, पण बिल्ला देवाच्या फोटोशी, कॅमेऱ्यापासून दुसऱ्या खोलीत. कांतिभाईंनी तो नियम ताबडतोब मानला. देवाजवळची जागा अधिक मानाची, हे त्यांच्या मनानेच ठरवलं होतं.

निकाल आल्यावर सुपडूअण्णांना मी स्वतः निरोप धाडला. ते आले, याही वेळी खुर्चीच्या कडेवरच बसले. मी इतकी खुशीत होते की त्यांनी विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "हे झालं दिवाळीचं. आता पुढचं सांगा. लगीन झाल्यावर खरोखर किरणं पडली, तर बिल्ला त्याले वाचवेल का?"

इथे मला थाप मारता आली असती. लग्न जुळावं अशी माझी फार इच्छा होती. आधार बाहेर व्हरांड्यात उभा होता, ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

"नाही," मी म्हटलं. "बिल्ला वाचवत नाही. तो फक्त सांगतो. तेही लगेच नाही, तीन महिन्यांनी."

"तीन महिन्यांनी."

"हो. पण तो सांगतो, आणि मुंबईत कुणीतरी ते बघतं, आणि जास्त वाटलं तर फोन येतो. मग आम्ही त्याला कामावरून बाजूला करतो, रक्त तपासतो. तुम्ही बघितलंच."

सुपडूअण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पसरले आणि त्यांच्याकडे बघत बसले. नखांच्या कडा काळ्या-निळ्या होत्या. मला वाटलं, संपलं. आता हे उठणार, नमस्कार करणार आणि जाणार.

"मी डाइंगमा लागनू तव्हा संगीता पाळण्यामा व्हती," ते म्हणाले. "रंग, ॲसिड, त्या वाफा. थंडीमा सकाळी खोकतो तर फडक्यावर रंग दिसतो, कधी निळा, कधी लाल. अंगात किती गेलं ते आजलोक कोणी विचारेल नाही. शेठ नाही, डॉक्टर नाही, सरकार नाही. आणि हाई बिल्लावर कुठं काय दिसलं, तर मुंबईहून फोन येतो. तुम्ही दिवसभर उन्हातान्हात कुलूप उघडत फिरतात. तीन महिन्यांनी का होईना, याले कोणी विचारतं तर खरं."

त्यांनी या खेपेला चहा घेतला, बशीत ओतून, सगळा.

"अशा ठिकाणी द्यावी पोरगी," ते म्हणाले.

 आधार व्हरांड्यात तिथेच उभा होता, भिंतीकडे तोंड करून. 

उठता उठता त्यांनी दारात थांबून विचारलं, थट्टेत विचारावं तसं, "ताई, वाफेचा नाही का निघेल असा एखादा बिल्ला? रंगाचा?"

मी नाही म्हटलं. ते "बरं" म्हणाले, टोपी सारखी केली आणि तिथीचं बघायला गुरुजींकडे जायचं म्हणून घाईने निघाले.